घरचा फोन

सकाळी अकरा वाजता व्हर्ना दोस्ताल प्लमर गावच्या रेल्वे यार्डाच्या ऑफिसात हजर झाली आणि तिनं गाडी न्यायला नकार दिला.

दोन्ही गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या. "मी वेळेवर हजर आहे. पण माझी विश्रांती झालेली नाही, म्हणून मी ड्यूटीवर येऊ शकत नाही." पायांत जाड टोकाचे बूट होते. खांद्यावरच्या बॅगेत चष्मा, हातमोजे, नियमांचं पुस्तक आणि कोबी-खिमा भरलेले दोन पाव होते. इंजिन चालवायला निघालेल्या माणसाजवळ जे असायला हवं ते सगळं तिच्याजवळ होतं. तिनं बॅग बाकावर ठेवली आणि शेजारी बसली.

टेबलापलीकडे यार्डमास्तर बसला होता. लाइल दोस्ताल, तिचा धाकटा भाऊ. त्यानं मान वर केली नाही.

"गंमत करू नकोस, व्हर्न. बाहेर बघ जरा."

बाहेर वायोमिंगहून आलेली कोळशाची गाडी उभी होती. तिला इथवर आणणाऱ्या दोघांचे कामाचे तास भरले होते. नियमाप्रमाणे ते गाडी आहे तिथंच सोडून व्हॅनमध्ये बसून निघून गेले होते. गाडी एवढी लांब की तिचा मधला भाग मेन स्ट्रीटच्या फाटकावर आडवा आला होता. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, मक्याची कापणी ऐन भरात. फाटकामागं मक्याच्या ट्रकांची रांग बँकेच्याही पुढं गेली होती आणि कोणीतरी भोंग्यावर कोपर टेकून बसल्यासारखा भोंगा वाजवत होता.

"बघितलं," व्हर्ना म्हणाली.

दार ढकलून डेझमंड टिलरी आत आला. मालगाडीचा कंडक्टर, म्हणजे इंजिनात व्हर्नाच्या शेजारी बसणारा तिचा जोडीदार. दाढी केलेली, डोळे टवटवीत, हातात कॉफी.

"निघायचं ना?"

"तुझी ड्रायव्हर दमलीय," लाइल म्हणाला.

"दमलेली नाही, विश्रांती झालेली नाही," व्हर्ना म्हणाली. "दमलेली तर मी रोजच असते."

डेझनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा लाइलकडं, आणि कॉफीचा घोट घेतला. "असं होय. म्हणजे आज घरचा फोन आला होता."

लाइलनं आता मान वर केली.

कायदा साधा आहे. ड्यूटी संपली की दहा तास अखंड विश्रांती. त्या वेळात कंपनीनं माणसाला कामासाठी फोन करायचा नाही. केला आणि विश्रांती मोडली, तर दहा तास तिथून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. घरच्या माणसांचे फोन यात धरत नाहीत. बायकोनं, आईनं, भावानं कितीदाही फोन केला तरी तो कंपनीचा नव्हे.

प्लमरमध्ये अडचण होती ती इथंच. या गावात निम्मी घरं रेल्वेत आहेत आणि उरलेली निम्मी त्यांच्या सोयरिकीत. सिग्नलवाल्याचा जावई कंडक्टर, यार्डात डबे जोडणाऱ्या-तोडणाऱ्या शंटिंगवाल्याची बहीण ड्रायव्हरला दिलेली. त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही विचारायचं झालं, तर यार्डातून त्याचा नातलग फोन करी. आधी रविवारच्या जेवणाचं बोलायचं, नाहीतर कुत्र्याच्या औषधाचं. मग "बरं, जाता जाता," असं म्हणून कामाचं विचारायचं. चावी कुठं ठेवलीस, डबे कुठल्या रुळावर सोडलेस, ब्रेक किती लावलेस. याला सगळे घरचा फोन म्हणत. कोणी वाईट हेतूनं ही पद्धत काढली नव्हती. एका प्रश्नानं शंटिंगवाल्यांची बर्फातली मैलभर पायपीट वाचत असे. व्हर्नानं स्वतः असे कित्येक फोन घेतले होते आणि दोनचार केलेही होते.

डेझ कॅन्सस सिटीहून आलेला. पेंड-खुराकाच्या दुकानाच्या माडीवर एकटा राहायचा. "सबंध गावात पोटभर झोपणारा मी एकटाच," असं तो म्हणे. "कारण इथं मला मेहुणी नाही."

त्या दिवशीचा फोन पहाटे पावणेसहाला आला होता. आदल्या रात्री साडेअकराला व्हर्नाची ड्यूटी संपली होती. घरी येऊन, अंघोळ करून ती झोपली. फोनवर लाइलचं नाव दिसलं म्हणून तिनं उचलला. वडील म्हाताऱ्यांच्या निवासात होते, मे महिन्यात त्यांचं मोठं आजारपण झालं होतं, त्यामुळे भावाचा फोन न उचलण्याची तिची छाती नव्हती.

"काही झालं नाही, घाबरू नकोस," लाइल म्हणाला होता. "बाबा विचारतायत, केस कापायला कधी येतेस? तिथल्या बाईला हात लावू देत नाहीत."

"रविवारी."

"बरं. आणि जाता जाता, काल धान्याच्या कोठारापाशी सोडलेल्या डब्यांना हँडब्रेक कुठल्या टोकाला लावलेत?"

"पश्चिमेच्या."

उत्तर दिल्यावर तिला खरी जाग आली. लाइल फोन ठेवून मोकळा झाला होता. ती पलंगाच्या काठावर बसून राहिली आणि मग तिला झोप लागली नाही.

झोप न लागण्याचं कारण गॉर्डन पेशेक. एप्रिलमध्ये गॉर्डनला इंजिनात डुलकी लागली आणि त्याची गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली. समोरच्या गाडीच्या शेवटच्या डब्यापासून ती थोड्याच अंतरावर थांबली म्हणून कोणी मेलं नाही. चौकशीत कंपनीनं दाखवून दिलं की गॉर्डनचे विश्रांतीचे दहा तास पुरे झाले होते. ते खरं नव्हतं. मधल्या रात्री त्याच्या सासऱ्यानं यार्डातून घरचा फोन केला होता, आणि त्यानंतर गॉर्डन उजाडेपर्यंत आढ्याकडं बघत पडला होता. सासऱ्याची निवृत्ती महिन्यावर आली होती. गॉर्डन गप्प राहिला. युनियनतर्फे व्हर्ना त्याच्या शेजारी बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. बाहेरच्या बोळात गॉर्डननं तिचा दंड धरून "तू पण काही बोलू नकोस," असं सांगितलं, म्हणून तीही गप्प राहिली. गॉर्डनला कामावरून काढलं. आता तो बटाट्याचा ट्रक चालवतो. रस्त्यात भेटला की हात करतो, थांबत नाही.

त्या आठवड्यात व्हर्नानं भावाला सांगितलं होतं, "मला असला फोन पुन्हा करायचा नाही. केलास तर मी तो कंपनीचा धरीन." लाइल हसला होता.

त्यामुळे सकाळी साडेनऊला ड्यूटीचा फोन आला तेव्हाच तिनं सांगून टाकलं. गाड्यांवर माणसं लावणारं कंपनीचं ऑफिस तिसऱ्याच राज्यात आहे. तिथल्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यासमोर तुमचे दहा तास पूर्ण दिसतायत, मॅडम. मध्ये कोणी संपर्क केल्याचं दिसत नाही. नकार म्हणून लिहू का?"

"नको. मी तिथं जाऊन सांगते."

आणि ती आली होती.

डेझ डबे तपासायला बाहेर गेला तसा लाइल उठला. कोपऱ्यातल्या कॉफीच्या यंत्रापाशी जाऊन त्यानं बहिणीला खुणेनं बोलावलं.

"आजारी सांग ना," तो हळू आवाजात म्हणाला. "पोट बिघडलं म्हण. कोण बघायला येणार आहे?"

"माझं पोट ठणठणीत आहे."

"व्हर्न, आम्हा सगळ्या यार्डमास्तरांकडून जूनमध्ये लिहून घेतलंय. झोपलेल्या माणसाला फोन करायचा नाही. केला तर कायमचं घरी. तसंही ते आमच्या खुर्च्या एकेक करून उचलतायत. त्यांना निमित्तच हवंय."

"तुला हे पावणेसहाला माहीत नव्हतं?"

"शंटिंगवाले दारात उभे होते! त्या डब्यांचं एक टोक इथं, दुसरं तिकडं पाण्याच्या टाकीपाशी. धुकं असं की हात दिसत नव्हता. एक शब्द विचारला मी तुला. एक!"

"गॉर्डनलाही एकच विचारला होता."

"गॉर्डन, गॉर्डन! गॉर्डन गेला आणि बाकीचं गाव चालू आहे ना?"

लाइलनं कागदी पेला चुरगळला.

"मी आजारी सांगितलं तर माझं काय होतं, ते तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मे महिन्यात बाबांच्या उशाशी मी बसले, तू नव्हे. माझ्या हजेरीत आता एकही रजा शिल्लक नाही. आणखी एकदा रजेचं नाव काढलं की मी चौकशीला उभी."

"चौकशीत मी बोलेन तुझ्या बाजूनं."

"काय बोलशील? फोन केला होता, हे?"

लाइल खिडकीकडं हात करून म्हणाला, "मग गाडीच ने. हा रस्ता तू डोळे मिटून नेशील."

"तीच तर भीती आहे."

"डेझ आहे शेजारी. झोप आली तर चिमटा काढेल."

"गॉर्डनच्या शेजारीही कोणीतरी होतंच, लाइल."

व्हर्ना परत बाकावर जाऊन बसली, एवढ्यात दार उघडून एक शेतकरी आत आला. टोपीवर, भुवयांवर मक्याचा भुसा. कोणाशी भांडायचं ते त्याला बाहेर कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो सरळ व्हर्नापुढं येऊन उभा राहिला.

"बाई, तुमची झोप होईपर्यंत माझा मका ट्रकातच उगवायचा का?"

"तुमच्या ट्रकचा ड्रायव्हर रात्रभर जागा असता, तर त्याला या फाटकातून जाऊ दिलं असतं तुम्ही?"

"माझा ड्रायव्हर मीच आहे. आणि मी रात्रभर जागाच आहे."

"मग बसा इथं माझ्याशेजारी," व्हर्ना म्हणाली आणि बॅग उचलून जागा केली.

माणूस क्षणभर चक्रावला. मग हसायला येतंय हे लक्षात येऊन आणखी चिडला आणि निघून गेला. मात्र जाताना त्यानं दार आपटलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला कर्टिस हॅम्ब्लिन आला. प्लमर आणि आसपासच्या चार यार्डांचा साहेब, वयानं व्हर्नापेक्षा बराच लहान. आवाज चढवणारा माणूस नव्हे. त्यानं आधी डेझला आणि शंटिंगवाल्यांना सांगून यार्डातल्या छोट्या इंजिनानं गाडी फाटकाच्या अलीकडं-पलीकडं तोडून घेतली. ट्रक सुटले, भोंगा थांबला. मग तो हातमोजे काढत आत आला. व्हर्नासमोर खुर्ची ओढून बसला.

"जवळपास दुसरा ड्रायव्हर मोकळा नाही. मी चारी यार्डांत विचारलं. म्हणून तुमच्याशी नीट बोलायला आलोय. नियम सांगतो, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहा."

"राहिले."

"नियम सांगतो, वरिष्ठांची सूचना पाळा."

"तोच नियम सांगतो की ड्यूटीवर येताना माणूस कामाला लायक हवा, आणि शंका असेल तेव्हा सुरक्षित तेच करावं. मी इंजिनात चढले तर तुमची एक सूचना पाळली जाईल आणि बाकी सगळं मोडेल."

"तुमचे दहा तास पूर्ण दिसतायत, व्हर्ना."

"पावणेसहाला मला यार्डातून फोन आला. काम विचारलं. मी उत्तर दिलं. माझे दहा तास तिथून मोजा. पावणेचारला पुरे होतील. त्यानंतर कधीही बोलवा, मी येईन."

हॅम्ब्लिननं लाइलकडं वळून पाहिलं. लाइल टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवत होता.

"फोन तुम्ही केला होता?"

"हो."

"घरचा?"

दाराशी डेझ येऊन उभा राहिला होता. दिव्याच्या नळीची घरघर ऐकू येत होती.

"घरचा," लाइल म्हणाला. "बाबांचे केस कापायचेत, त्याबद्दल."

"आणि सहाला शंटिंगवाल्यांना ब्रेक पश्चिमेला आहेत हे कोणी सांगितलं?" व्हर्नानं विचारलं. "धुक्यात दिसले तुला?"

हॅम्ब्लिननं हात वर केला. "मी लाइलना विचारलं होतं. लाइलनी सांगितलं." व्हर्नाचा प्रश्न त्यानं स्वतः लाइलला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं असतं तर वर कळवावं लागलं असतं. फोन एक, पण मग एप्रिलपासूनचे सगळेच निघाले असते.

"अजून एक वाट आहे," तो व्हर्नाला म्हणाला. "तब्येत बरी नाही असं सांगा. तुमच्या हजेरीचं मी बघतो. माझा शब्द."

ही वाट खरोखरच सोपी होती. लाइलनं डोळे मिटले आणि मान किंचित हलवली. हो म्हण, व्हर्न.

"तुमच्या शब्दाबद्दल आभारी आहे," व्हर्ना म्हणाली. "पण मी बरी आहे. मला झोपेतून उठवलं गेलंय, एवढंच. जे झालं तेच लिहा."

"मग मला नकार लिहावा लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"एकोणीस वर्षं झाली ना तुम्हाला?"

"वडिलांची एकतीस धरली तर पन्नास."

हॅम्ब्लिन उठला. "घरी जा. पुढचं उद्या बोलू." आणि तो आतल्या खोलीत गेला.

व्हर्नानं बॅग खांद्याला लावली. लाइलच्या टेबलापाशी ती थांबली. डेझला वाटलं आता ही त्याला झोडणार. तिनं बॅगेतून एक पाव काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"नको मला तुझा पाव."

"मग ठेव. उंदीर खातील."

ती गेल्यावर डेझ बराच वेळ खिडकीशी उभा होता. त्याचे कामाचे तास अकरापासून चालू झाले होते. ड्रायव्हर नाही म्हणून ते थांबत नाहीत. लाइल त्याच्या पाठीला उद्देशून म्हणाला, "तू काही बोलणार आहेस का?"

"मी कशाला बोलू? मला कोण फोन करतं?" डेझ म्हणाला. "पण एक सांगतो, लाइल. तिच्या शेजारी मी बसतो. तू नाही बसत."

व्हर्ना घरी गेली. खिडक्यांना तिनं उन्हाळ्यात लावते ती जाड काळी कापडं लावली. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं की काय झालं, गावात काय काय बोलतायत. "उठल्यावर सांगते," असं म्हणून ती आत आली. नकार लिहिला गेला असेल तर आता तिला कोणी बोलावणार नव्हतं. तिचं नाव पाळीच्या यादीतून निघालं असणार होतं. पुढं चौकशी, आणि चौकशीत एका बाजूला तिचा शब्द, दुसऱ्या बाजूला भावाचा. हे सगळं तिनं एकदा नीट मनात मांडून पाहिलं. मग फोन उशाशी, आवाज चालू ठेवून, ती झोपली. पावणेचारनंतर बोलवा, मी येईन, असं ती सांगून आली होती. बोलावलं तर तयार असायला हवं. बोलावणार नसले तरी.

फोन वाजला तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

यंत्राचा आवाज होता. व्हर्ना दोस्ताल, कोळशाची गाडी, दिशा पूर्व, हजर राहण्याची वेळ साडेपाच, स्वीकारण्यासाठी एक दाबा. तिनं एक दाबला नाही. माणसाशी बोलायचं बटण दाबलं. सकाळचीच मुलगी निघाली.

"माझी विश्रांती कधीपासून धरलीय?"

कीबोर्डचा खटखटाट झाला. "पहाटे पावणेसहापासून. आता पूर्ण आहे. अरे, हे सकाळी वेगळं होतं."

"बदललं कोणी?"

"यार्डाकडून दुपारी दीडला दुरुस्ती आलीय. मध्ये कामाचा संपर्क झाला होता, एवढंच लिहिलंय. नाव मला दिसत नाही, मॅडम."

"आणि नकार?"

"नकार दिसत नाही. गाडी स्वीकारताय का?"

"स्वीकारली," व्हर्ना म्हणाली.

अशी दुरुस्ती यार्डातून दोघंच करू शकतात. एक यार्डमास्तर, दुसरा साहेब.

ती सव्वापाचला यार्डात पोचली तेव्हा लाइलच्या खुर्चीत कोणीतरी दुसराच माणूस होता. शेजारच्या यार्डातून आलेला, जाडा, नाकावर चष्मा ओढून फोनवर बोलत होता. लाइलची बियाण्याच्या कंपनीची हिरवी टोपी खुंटीला तशीच होती. पाव टेबलावर नव्हता.

"लाइल कुठाय?"

"मला माहीत नाही. मला म्हणाले, रात्री दहापर्यंत बस."

"आणि दहानंतर?"

"ते नाही म्हणाले."

हॅम्ब्लिनच्या खोलीला कुलूप होतं. डेझ बाहेर रुळाशी उभा होता. ती जवळ येईपर्यंत तो थांबला.

"एक वाजून गेल्यावर तो आत गेला," डेझ म्हणाला. "साहेबाच्या खोलीत. दार लावून घेतलं. मी काही ऐकलं नाही, आणि ऐकायचा प्रयत्न केला नाही असंही म्हणणार नाही. अर्ध्या तासानं बाहेर आला. तुझा पाव खात होता."

"काही बोलला?"

"मला म्हणाला, डेझ, तुला या गावात एक मेहुणी शोधून द्यायला हवी. मी म्हटलं, नको, मला झोप प्यारी आहे. मग तो गाडीत बसला आणि गेला. साहेब मागच्या दारानं गेला. दोघांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. साहेबाच्या तर कधीच कळत नाही म्हणा."

"काढलं त्याला?"

"व्हर्ना, मला खरंच माहीत नाही."

तिनं लाइलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिनं म्हाताऱ्यांच्या निवासात फोन केला. तिथली बाई लगेच ओळखून म्हणाली, "तुमचा भाऊ इथंच आहे, दुपारपासून. वडिलांचे केस कापतोय."

"वडील कापू देतायत?"

"ओरडतायत, पण बसलेत. एका बाजूचे जरा जास्तच उडालेत. रविवारी तुम्ही येऊन बघा काय करता येतं ते."

"त्याला फोन देता? म्हणावं, व्हर्ना आहे."

बाई फोन घेऊन चालत गेली असावी. चाकाच्या खुर्चीची कुरकुर ऐकू आली, मग वडिलांचा आवाज, "हळू, अरे, कान माझा आहे!" मग बाईचं पुटपुटणं. मग ती परत फोनवर आली.

"ते विचारतायत, घरचा फोन आहे की कामाचा?"

व्हर्नानं खिडकीतून ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. हजर व्हायला चार मिनिटं होती. साडेपाचनंतर फोन बंद करून बॅगेत ठेवायचा, हा नियम.

"घरचा," ती म्हणाली. "त्याला सांगा, नुसता घरचा. जाता जाता काही विचारायचं नाहीये मला."

"सांगते हं," बाई म्हणाली.

फोनमध्ये पुन्हा पावलांचा आवाज झाला. कात्रीचा आवाज थांबला. कोणीतरी काहीतरी म्हणालं, ते दूरवरून आलं आणि नीट कळलं नाही. वडील मात्र स्पष्ट म्हणाले, "अर्धं डोकं असंच ठेवून कुठं निघालास?"

डेझनं इंजिनाच्या पायरीवरून मनगटाकडं बोट दाखवलं.

व्हर्नानं आणखी थोडा वेळ फोन कानाशी धरला. मग साडेपाच झाले. तिनं फोन बंद केला, बॅगेत तळाशी ठेवला, आत जाऊन नव्या माणसाला "व्हर्ना दोस्ताल, हजर, विश्रांती पूर्ण," असं सांगितलं आणि गाडीकडं गेली.

तोडलेले डबे जोडून, ब्रेक तपासून, सात वाजायच्या आत गाडी पूर्वेला निघाली. मेन स्ट्रीटचं फाटक तिनं पूर्ण ओलांडलं तेव्हा पलीकडं दोनच ट्रक थांबले होते. यार्डमास्तरच्या खुर्चीत दहानंतर कोण बसणार, हे त्या वेळेपर्यंत प्लमरमध्ये कोणालाच सांगण्यात आलेलं नव्हतं.